संत्र्याच्या मेल्या खोडावर

लोक माझ्याकडे ऑर्किड पाहायला येतात. नागपूरबाहेर हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा चारी बाजूंना नुसतं रान होतं. आता गल्लीत गाडी वळवायला जागा नाही, तरी विचारत विचारत येतात. मोबाइलवर फोटो काढतात आणि जाता जाता हमखास विचारतात, "मॅडम, सुरुवात कशी केली? कोणाकडे शिकलात?" मी सांगते, मामांकडे. मग माझे मामा मोठे बागवान असणार असं समजून ते माना डोलावतात. बागवान ते होतेच, पण संत्र्याचे. ऑर्किड त्यांना डोळ्यांसमोर नको होतं. मी ते जगवलं ते त्यांच्या नाकावर टिच्चून. हे पाहुण्यांना सांगत बसले तर संध्याकाळ व्हायची, म्हणून नुसतं हसते. मी तेव्हाही उद्धट होते आणि आताही आहे. आता केस पांढरे झाले म्हणून लोक त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात, एवढंच.

मामांचं घर नागपुरातच, सक्करदऱ्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. बाबा गेले तेव्हा मी लहान होते. मामा आले, एका ट्रंकेत आमचं सगळं सामान भरलं आणि आईला आणि मला घेऊन गेले. त्यानंतर तेच आमचं घर. मामांची संत्र्याची बाग खाप्याजवळ, कन्हान नदीच्या अंगाला. आठवड्यातले निम्मे दिवस ते बागेत, निम्मे घरी. घरी असले की सगळ्या घराला कळायचं, कारण मामांना हळू बोलता यायचंच नाही. संत्र्याच्या दिवसांत पुढची खोली फळांनी भरून जायची. अंथरुणांना, उशांना, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांनासुद्धा सालीचा वास लागायचा. मामा प्रेमळ होते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस ठरवाल. फक्त बांडगूळ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आमच्याकडे त्याला बांदा म्हणतात. संत्र्याच्या फांदीत मूळ घुसवतो, रस पितो आणि उभं झाड वाळवून टाकतो. बांदा ओढून काढायला मामांनी एक लांब वेळू केला होता, त्याच्या टोकाला विळ्याचं पातं बांधलेलं. दुसऱ्याच्या बागेत बांदा दिसला तरी मामा तिथं घुसून तो काढून यायचे. तो वेळू घरात असला की दारामागे उभा असायचा, लोकांच्या घरी छत्री असते तसा.

आणि त्या घरात आई होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची. वाटण, दळण, धुणं, पापड, वड्या, कोणी न सांगता सगळं तिचं. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तिच्या हातची अशी व्हायची की मामांचे बाजारातले ओळखीचे लोक काहीतरी काम काढून जेवायच्या वेळीच यायचे. मामी स्वभावानं गरीब. ती म्हणायचीसुद्धा, "शांताबाई, बसा नं जराशा." पण आई बसायची नाही. चहासुद्धा ती उभ्यानं प्यायची, ओट्याला टेकून, कोणी हाक मारली तर कप पटकन ठेवता यावा म्हणून. मला त्या उभं राहण्याचा फार राग यायचा. एकदा खाप्याला नात्यातल्या लग्नात आई पुऱ्या लाटत बसली होती, मी तिच्याजवळ. मागं खाप्याच्या काकू, म्हणजे मामांच्या चुलतभावाची बायको, सगळेच त्यांना काकू म्हणत, शेजारणीला म्हणाल्या, "भावाच्या घरावरचं बांडगूळ आहे ते. एकदा धरलं का निघते काय?" हळू बोलायची त्यांचीही रीत नव्हती. आईचं लाटणं क्षणभर थांबलं आणि परत फिरायला लागलं. मी उठायला लागले तर तिनं परातीखालून माझं मनगट असं घट्ट धरलं की पिठाची पाची बोटं उमटली. त्या दिवसापासून बांडगूळ या शब्दाशी माझं वैर झालं.

ऑर्किड मिळालं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, बागेतच. रात्री वादळ झालं होतं आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जुन्या आंब्याची एक फांदी सकाळी आडवी पडलेली होती. कैऱ्या वेचायला गेले आणि एकदम सुवास आला. मोहोर तर केव्हाच संपला होता. शोधते तर फांदीच्या बेचक्यात जाड्या पांढऱ्या मुळांनी साल धरून बसलेलं एक चिवट झाड, पन्हळीसारखी पानं, आणि एका दांडीवर फुलं. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, जुन्या लुगड्याच्या पोतासारख्या, आणि मध्ये निळसर जांभळी जीभ. असं फूल मी कधी पाहिलं नव्हतं. बागेतला माणूस म्हणाला, बांदा आहे, फेका. मी फेकलं नाही. दोन गड्डे सोडवले, गोणपाटात गुंडाळले आणि मामांची पाठ वळल्यावर बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं वास घेऊन विचारलं, काय आहे. मी म्हटलं, केवडा.

आता माझी अक्कल बघा. आम्ही काळ्या मातीची माणसं. काळ्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते, असं ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. मी त्यातला मोठा गड्डा निवडला, सगळ्यात मोठी कुंडी घेतली, खाप्याहून आणलेली लोण्यासारखी काळी माती भरली, शेणखत घातलं, ती सगळी पांढरी मुळं नीट आत पुरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. संत्र्याच्या कलमाचे होत नसतील इतके लाड केले. पाऊस लागला तशी ती माती दाबून बसली, घट्ट झाली, आणि पानं बुडापासून पिवळी पडत गेली. उपटून पाहिलं तर मुळांचा चिखल झालेला, नुसता कुजका वास. मी रडले. बुटकं गुलाबाचं कलम मेलं तर कोणी रडत नाही, पण मी रडले. दुसरा लहान गड्डा मागच्या छपरीत खिळ्याला गोणपाटातच लटकत होता. त्याच्याकडं त्या गडबडीत मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कपडे काढायला गेले तर गोणपाटाच्या भोकातून एक नवं मूळ बाहेर आलेलं, पांढरं, टोकाला हिरवंगार. माती नाही, खत नाही, माझा लळा नाही, आणि पठ्ठ्या मजेत! तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एका इंग्रजी पुस्तकातून त्याचं कूळ शोधलं. ऑर्किड हा शब्द मी तिथं पहिल्यांदा वाचला. हे झाडावर बसतं, पण झाडाचं काही खात नाही, असंही तिथं लिहिलं होतं. ते वाक्य मी उभ्या उभ्या पाठ केलं.

होळीच्या दिवशी भांडं फुटलं. मामा होळीसाठी लाकडं काढायला मागच्या छपरीत गेले आणि तिथून त्यांची हाक आली, तलावापलीकडं ऐकू जाईल अशी.

"हे कोणं टांगलं इथं?"

"मी."

"बांदा? माह्या घरात बांदा?"

"बांदा नाही तो, मामाजी. बांदा झाडात मूळ घुसवते. हे नुसतं बसते झाडावर. खात काहीच नाही."

"माहा जन्म गेला संत्र्यात, आन् तू मले शिकवून राहिली काय वं? झाडावर बसून काही न खाता कोणी जगते काय?" त्यांनी गोणपाट खिळ्यावरून काढलं आणि लाकडांवर टाकलं.

मी ते परत उचललं. मामांसमोर असं कोणी करत नसे. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली, तिच्यामागं आई. आईचा चेहरा पुरणाच्या वाफेनं आणि भीतीनं लाल झाला होता. "सुमे, दे ते," ती म्हणाली. "टाकू दे त्यायले होळीत. आपण कुठं राहतो ते पाह्य, आन् तू काय टांगून राहिली ते पाह्य."

मामांच्या ओरडण्यानं मला काही झालं नव्हतं. पण आईच्या त्या वाक्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिला ते लग्नातलं बोलणं आठवत होतं आणि ती ते खरं धरून चालली होती. मी म्हटलं, "मेल्या लाकडावर बांधा याले. ज्याच्यात खायले काहीच नाही अशा. मृगापर्यंत जगलं तर मी खरी."

मामांचे डोळे चमकले. पैज म्हटली की त्यांचा राग अर्धा व्हायचा. लाकडांच्या ढिगातून त्यांनी एक खोड ओढून काढलं, हातभर लांब, वाळून हाडासारखं झालेलं. "हे माह्या संत्र्याचं. बांद्यानंच खाल्लं याले. आता घे म्हणा काय खातो ते! पण ऐक. घरच्या पाण्याचा एक थेंब द्याचा नाही. जंगलात त्याले पाणी द्याले कोण बादली घेऊन चढते?"

"मंजूर. आन् मेलं तर काय पाहिजे तुमाले?"

मामा विचारात पडले, तेवढ्यात मामी म्हणाली, "हिचं तोंड बंद करा बाप्पा, बाकी काही नको." सगळे हसले, पण मामांनी ते धरून ठेवलं. "ठरलं तर मग. मेलं तर उलट उत्तर बंद. जन्मभर. मी म्हणीन ते मुकाट्यानं आयकाचं."

तुम्हाला ही गंमत वाटेल. मला नव्हती वाटली. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते माझं तोंडच होतं. ते गेलं तर उरलं काय, तर ओट्याला टेकून उभ्यानं चहा पिणारी आणखी एक बाई. तरी म्हटलं, "मंजूर. जगलं तर ते माझं. आन् मग त्याले या घरात कोणी बांडगूळ म्हणाचं नाही. कोणालेच म्हणाचं नाही." शेवटचे शब्द मामांच्या डोक्यावरून गेले. आई मात्र पाठ फिरवून आत निघून गेली. आईच्याच जुन्या लुगड्याचा काठ फाडून मी त्या खोडाला गड्डा बांधला.

नागपूरचा उन्हाळा काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. चैत्र संपता संपता पानांना सुरकुत्या पडल्या, मग ती घडी घातल्यासारखी मिटली. मी शब्द पाळत होते. एकदा पेला भरून घेऊन गेले आणि तसाच प्यायले. मग कूलर काढायचा दिवस आला. आमच्याकडे तो एक सणच असतो: माळ्यावरून लोखंडी पेटी उतरवायची, धूळ झाडायची, गंज घासायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, आणि पहिलं पाणी पडून वाळ्याचा सुवास घरात शिरला की घरातला प्रत्येक माणूस थोडा भला व्हायचा. मामांच्या कूलरचा घोडा, म्हणजे कूलर ठेवायचा लोखंडी सांगाडा, खिडकीबाहेर बोळात, पत्र्याखाली. त्या घोड्याखाली दिवसभर टपटप व्हायचं. ओल असायची, सावली असायची, गल्लीतलं कुत्रं तिथंच पोट टेकून झोपायचं. मी खोड नेऊन बरोब्बर तिथं टांगलं, घोड्याच्या आडव्या पट्टीला. मामांनी पाहिलं आणि ओरडले, पाणी! मी म्हटलं, "मी दिलं काय? टपकून वाया जाऊन राहिलं, त्याच्यावर कोणाचं नाव लिहिलं आहे?" मामा हसले. "वकील व्हाची होती तू," म्हणाले. आजही माझी अर्धी झाडं उन्हाळाभर कूलरच्या घोड्याखाली असतात, आणि लांब लांबचे लोक ते पाहून वहीत टिपून घेतात.

पानं उघडली, आणि एका पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावायला लागलं. मी म्हटलं, मूळ. मला तेव्हा मूळ आणि फुलाची दांडी यांतला फरक कुठं कळत होता! मी आपली खुशीत होते. आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला त्याच दिवशी कूलरची मोटर जळली. आधी घुरघुरली, मग जळका वास, मग सगळं गप्प. इतके दिवस तिच्या घोंघाटात आम्ही ओरडून बोलत होतो, आता मामांचा आवाज जास्तच मोठा वाटायला लागला. मिस्त्री म्हणाला, सगळ्या नागपूरच्या मोटरी आताच जळून राहिल्या, नंबर लागेल तेव्हा येतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मामा ओला पंचा डोक्यावर घेऊन पडायचे. घोड्याखालची जमीन सुकून भेगाळली, कुत्रं दुसरीकडं गेलं. पानं परत मिटली, आणि ते हिरवं टोक होतं तिथंच थांबलं. मी खिडकीशी बसून राहायचे. मामी म्हणाली, "दे नं वं घोटभर, कोण पाहून राहिलं." मी म्हटलं, मी पाहून राहिले. मला जिंकायचं होतं, पण चोरून नाही.

मग एका दुपारी बोळात सपसप आवाज आला. पाहते तर आई. ऊन मी म्हणत होतं आणि ती डोक्याला पदर गुंडाळून दोरी बांधत होती, घोड्याच्या अगदी समोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाजूला बादलीत पिळलेलं धुणं. धुणं ती नेहमी सकाळी उठून करायची, गच्चीवर वाळत घालायची. आज तिनं ते मोहल्ल्याच्या विहिरीवर नेऊन भर दुपारी धुतलं होतं. तिची दोन लुगडी, मामीचं एक, चादरी, सगळं एकामागं एक त्या बोळात पसरलं. त्या ओल्या कापडांतून गरम वारा थंड, दमट होऊन खोडावर येत होता. मी खिडकीतून म्हटलं, "आई?" ती म्हणाली, "काय आई? कपडे आहेत. धुवाले लागतात." माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. कपडे संपले की धुतलेलेच परत बुडवून आणायची. विहिरीवरच्या बायका हसायच्या, शांताबाईले ऊन लागलं म्हणून. मिस्त्री येईपर्यंत तिच्या हातांची सालपटं निघाली होती.

मृग लागला त्या दिवशी घरात पाहुणे होते. बागेच्या कामासाठी मामांचे चुलतभाऊ खाप्याहून आले होते आणि त्यांच्याबरोबर काकू. पहाटेच वास सुटला. मामीनं आधी अत्तराची बाटली फुटली काय म्हणून कपाट उघडून पाहिलं. मग सगळे बोळात आले. ते हिरवं मूळ मूळ नव्हतंच. दांडी होती आणि तिच्यावर पाच फुलं उमलली होती, संत्र्याच्या मेल्या खोडावर. मामा वाकून वाकून बघत होते. खोडाला नखानं खरवडून पाहिलं, मुळं खोडात शिरलीत काय ते पाहिलं. वरवरच बसली होती. त्यांचं तोंड उतरलं. कबूल करायचं होतं, मी शपथेवर सांगते, त्यांना कबूल करायचंच होतं. पण मागून काकू म्हणाल्या, "हे बांडगूळ काहून ठेवलं घरात? का आणखी एक पोसून राहिले तुमी?" आणि हसल्या.

पाहुण्यांसमोर हरायचं म्हटल्यावर मामांचा अभिमान आडवा आला. ते सरळ झाले आणि म्हणाले, "पैज बरोबर झाली नाही. ओले लुगडे टांगले यायनं समोर. पाणी दिल्यासारखंच झालं ते. घरचं पाणी."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आई बोलली. ती दारात उभी होती, हात कोपरापर्यंत बेसनानं भरलेले.

"घरचं नाही, भाऊ. मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी. मी ओढलं."

मामांनी वळून पाहिलं. आईनं त्यांना याआधी कधी उलट शब्द बोललेला त्यांनाही आठवत नसावा.

"आन् धुणं या घरचं होतं. इतकी वर्षं या घरचं धुणं मीच धुते. कधी धुवाचं, कुठं वाळवाचं, हे आजपर्यंत कोणी मले विचारलं नाही, आता काहून विचारता? तुमच्या घरचं खाल्लं, नाही म्हणत नाही. पण राबून खाल्लं." मग ती काकूंकडं वळली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "बांडगूळ राबते काय, काकू? तुमाले जास्त माहीत असन. लग्नात तुमीच सांगत होत्या, पुऱ्या लाटणाऱ्या बाईबद्दल."

काकूंनी पदर सारखा केला. मामांनी एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांना ते आज पहिल्यांदा कळत होतं. काकूंना म्हणाले, "हा बांदा नाही. या घरात बांदा कोणीच नाही. पुन्हा तो शब्द माह्या घरात काढू नका." आणि आत गेले. जाताना दारामागचा वेळू त्यांच्या पायात आला, तो त्यांनी उचलून माळ्यावर टाकला. मला म्हणाले, "जिंकली वं." मग आईला म्हणाले, "शांते, मले सांगाचं नाही काय?" आई म्हणाली, "तुमी कधी आयकलं असतं?" त्या उत्तरानंतर पुढची कितीतरी वर्षं मामा सांगत फिरायचे की पैज एकीशी लावली आणि दोघींशी हरलो.

काकूंसमोर, मामांसमोर, सगळ्यांसमोर आई पुढच्या खोलीत आली. पदराला हात पुसले. कूलरसमोरची मामांची वेताची खुर्ची रिकामी होती, ती ओढून घेतली आणि तिच्यात नीट, पाठ टेकवून बसली. फुलांचा वास खिडकीतून वाऱ्याबरोबर सरळ तिच्या तोंडावर येत होता. डोळे मिटून तिनं तो घेतला आणि म्हणाली, "सुमे, चहा टाक सगळ्यायले. मले बी आण, इथंच."

पैज मी जिंकले होते, तोंड माझं शाबूत होतं. तरी आयुष्यात पहिल्यांदाच मी एकही उलट शब्द न बोलता उठले आणि चहा टाकायला गेले.